सिस्टरला विचारा : खुंटीवरची पिशवी

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून मोकळी झाले होते : दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी अडकवून ठेवा, रात्री-बेरात्री संकटात उपयोगी पडंल. पिशवीत काय घालायचं, हे लिहिलंच नव्हतं. त्याची शिक्षा म्हणून तुमची टोपलीभर पत्रं आली. सात निवडली आहेत. ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांनी रुसू नये, त्यांचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात सापडंल.

आम्ही आठ मित्र ऑगस्टमध्ये अंतूर आणि वेताळवाडी हे दोन किल्ले करणार आहोत. ऑनलाइन अठराशे रुपयांचं ‘सर्व्हायवल किट’ मागवलंय : चाकू, होकायंत्र, ठिणगी पाडायची कांडी, तारेची करवत, मासेमारीचा गळ, चांदीसारखं चकाकणारं ब्लँकेट. आणखी काय लागेल? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

बाळा, गळ कशाला रे? अंतूरच्या टाक्यात मासा गळाला लागेपर्यंत तुझी आई पोलिसात जाऊन आलेली असंल.

करवत आणि ठिणगीची कांडी घरीच ठेव. अंतूर गौताळ्याच्या जंगलात आहे. अभयारण्यात झाडाला हात लावायचा नसतो अन् जाळ करायचा नसतो. चाकू छोटा असू दे, बिस्किटाचा पुडा फोडायला. ब्लँकेट मात्र खरंच कामाचं आहे. ऑगस्टात भिजलेला पोरगा वाऱ्यात बसला की दोन तासांत दातखीळ बसते, मराठवाड्यात थंडी नसते हे कुणी सांगितलं तुम्हाला? होकायंत्र तुमच्यापैकी कुणाला वाचता येतं का? येत नसंल तर ते खेळणं आहे.

आता तुमच्या डब्यात नसलेलं सांगते. माणशी तीन लिटर पाणी, टाकं भरलेलं दिसलं तरी. ओआरएसच्या चार पुड्या. मुरगळलेल्या घोट्याला बांधायला चार इंची क्रेप बँडेज (किल्ल्यावर माणूस वाघानं मरत नाही, शेवाळलेल्या पायरीवरून घसरतो). कपाळाला बांधायचा टॉर्च, म्हणजे उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. ओरडणाऱ्याचा घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी बसत नाही. मिनिटात सहा फुंका मारायच्या, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरातली संकटाची ही जुनी खूण आहे.

सगळ्यात हलकी वस्तू एक कागद. खालच्या गावात ज्याच्या दारात गाड्या लावाल त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची : आठ जणांची नावं, एक घरचा नंबर, ‘संध्याकाळी पाचपर्यंत परत येतो, सातपर्यंत आलो नाही तर ११२ ला फोन करा.’ गौताळ्याच्या दरीत उतरलं की मोबाइलची रेंज जाते, मग तुमच्या अठराशे रुपयांच्या डब्यापेक्षा त्या म्हाताऱ्याच्या खिशातली चिठ्ठी कामाला येते.

अत्तर, सेंट मारून जाऊ नका, वर सिगारेट ओढू नका. बुरुजाखाली, लेण्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. उठलंच तर हात झाडत नाचायचं नाही, तोंड झाकून सरळ पळायचं, पण कड्याच्या बाजूला नाही. पाण्यात उडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत थांबतात.

आम्ही दोघंच, वय ७२ आणि ६८. चौथ्या मजल्यावर राहतो, मुलगी परदेशात. मला इन्सुलिन आहे. लाइट गेली की लिफ्ट बंद, पाण्याची मोटर बंद, फ्रिज बंद. शहरातल्या माणसानं काय साठवावं? — एक वाचक, लातूर

काका, लातूरकराला पाणी साठवायला मी सांगावं म्हणजे कमालच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुम्ही ती बघायला स्टेशनावर गेला होता की नाही माहीत नाही, मी गेले होते. तेव्हापासून लातुरात प्रत्येक घरात ड्रम आहेत. माझं दुखणं उलटं आहे : ड्रम खूप, प्यायचं पाणी वेगळं काढलेलं नाही. दोन माणसं, माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-रांधण्याला, तीन दिवस. चोवीस लिटर झालं. वीसचा एक जार अन् लिटर-लिटरच्या चार बाटल्या, बास. ते दर पंधरवड्याला वापरून नवं भरा. उरलेले ड्रम आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा, नाहीतर संकटाच्या आधी डेंग्यूच यायचा.

इन्सुलिनचं : वापरात असलेली बाटली फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, पण तीस अंशांच्या आत. आपल्या मे महिन्यात ते कुठून आणायचं? तर माठ. एका मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि माठ खिडकीच्या वाऱ्याला. वाळू रोज ओली करायची. गावोगाव फ्रिज नसताना आम्ही असंच सांभाळलंय. बर्फात घालू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही.

बाकी पिशवीत : पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स, जुना चष्मा (नंबर थोडा कमी का असेना), ग्लुकोजची बिस्किटं, दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून हजार रुपये. टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे जात नाहीत, आणि भाजीवाल्याकडं पाचशेचे सुटे नसतात. पाच फोन नंबर कागदावर, मोठ्या अक्षरात. मुलीचा नंबर तुम्हाला पाठ आहे का? खरं सांगा.

आणि तळमजल्यावरच्या एखाद्या पोरासोरांच्या घराशी बोलून ठेवा. चौथ्या मजल्यावरून खुर्चीवर बसवून माणूस उतरवायला चार जण लागतात. चार जण कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या वस्तीत रात्रीतून पाणी शिरलं. कागदपत्रं वाचवली, पण गोठ्यातली दोन वासरं दाव्याला बांधलेलीच गेली. ते डोळ्यापुढून जात नाही. पुढच्या पावसाळ्याआधी काय करू? — एक शेतकरी, तालुका परंडा

दादा, वासरांचं वाचून मीही थोडा वेळ गप्प बसले.

तुमच्या पिशवीतली पहिली वस्तू घरात नाही, गोठ्यात ठेवायची. एक धारदार विळा, गोठ्याच्या दारावर, छातीच्या उंचीला, तिथंच कायमचा. अंधारात, कंबरभर पाण्यात, भेदरलेल्या जनावराच्या दाव्याची गाठ सुटत नसते. ती कापायची. सोडलेलं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं, कधी तीन कोसांवर सापडतं. बांधलेलं सापडतं ते तिथंच. पाणी वाढायचा अंदाज असंल तर रात्री बांधूच नका.

कागदांचं तुम्ही नीट केलंत. फक्त एवढं बघा की सात-बारासाठी जीव धोक्यात घालायचा नाही, तो आता डिजिटल सहीचा परत निघतो. आधारही निघतं. निघायला घाम फोडतात ते पोरांचे दाखले, जातीचं प्रमाणपत्र, जुनी खरेदीखतं. ती एका जाड पिशवीत, तोंड मेणबत्तीवर चिकटवून, अन् प्रत्येकाचा फोटो नातेवाइकाच्या मोबाइलवर.

पाच लिटरचे घट्ट बुचाचे दोन रिकामे कॅन दोरीनं बांधून काखेखाली घेतले तर माणूस तरंगतो. वस्तीवर प्रत्येक घरात ते असतातच, दोरी मात्र आधीच बांधून ठेवा. पोरांना एकदा पायविहिरीत नेऊन करून दाखवा.

पूर ओसरल्यावरची पिशवी निराळी. घरात शिरताना काठी अन् गमबूट, कारण पुरात सापालाही कोरडी जागा हवी असते, ती म्हणजे तुमची गोधडी. मेन स्विच ओल्या हातानं चालू करायचा नाही. विहिरीचं पाणी आधी उपसायचं, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. साध्या दिवसात हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पुरते. पुरानंतर गढूळ पाण्याला जास्त लागते, ती किती हे गावच्या जलसुरक्षकाला ठरवू द्या, अंदाजानं ओतू नका. तोवर प्यायचं पाणी उकळून. खळखळ उकळी फुटली पाहिजे, नुसतं कोमट नव्हे.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलात तरी चालंल, रंग खराब झाला तर होऊ द्या.

मी आशा कार्यकर्ती आहे. दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. यंदा तीन बाया गरोदर आहेत. त्यांच्याबरोबर काय बांधून देऊ? — तालुका धारूर, जिल्हा बीड

ताई, तुमचं पत्र वाचलं अन् निवडायला घेतलेली भाजी तशीच राहिली. सगळ्या टोपलीत हाच प्रश्न खरा आहे असं मला वाटतं. बाकीच्यांवर संकट कधीतरी येतं. ही माणसं पाच महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, त्याच्या शेजारी झोपतात.

एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्री अकराला माझा फोन वाजला. आमच्याच गावची सून, कोल्हापूरकडं टोळीत गेलेली. “सिस्टर, सासूबाईच्या हाताला कायतरी चावलं.”

“तू कुठं आहेस?”

“उसात.”

“कुठल्या गावात?”

“कारखान्याच्या.”

“बाई, गावाचं नाव काय?”

ती रडायला लागली. तिला माहीतच नव्हतं. तीन आठवड्यांत चार फड बदलले होते, गाडीत बसवलं की बसायचं, उतर म्हटलं की उतरायचं. मी तालुक्याच्या गावाहून रुग्णवाहिका कुणाकडं मागू, कुठं पाठवू? शेवटी मुकादमाचा पोरगा जागा झाला, ट्रॅक्टरवर घालून नेलं. म्हातारी वाचली. हातातली काकणं मात्र कुणी काढली नव्हती, हात सुजून ती मांसात रुतली, दवाखान्यात कापून काढावी लागली.

म्हणून त्या तिघींच्या गाठोड्यात पहिला द्या एक पुठ्ठा आणि पेन्सिल, दोरीनं बांधलेली. कोपी पडली की त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर लिहायचं : गाव, तालुका, जिल्हा, शेतमालकाचं नाव आणि फोन, कारखान्याच्या चिटबॉयचा (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याचा) फोन, जवळचं ग्रामीण रुग्णालय. फड बदलला की खोडून नवं. लिहिता येत नसंल तर शेतमालकाच्या पोराकडून लिहून घ्यायचं. टोळी कर्नाटकात गेली तर कन्नडमध्येही. तिकडंही १०८ चालतो, पण १०८ वरचा माणूस पहिला प्रश्न पत्त्याचाच विचारतो.

मग मच्छरदाणी, आणि तिच्या कडा सतरंजीखाली खोचायला शिकवा. मण्यार रात्री फिरते अन् जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात. अशा पोटदुखीला सोडा पाजत बसू नये. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, देवळात न्यायचं नाही. बांगड्या, जोडवी, करगोटा काढायचा, हात-पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही, आणि गाडी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाची लस चालते, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सापाला मारून पिशवीत घालून आणू नका, आमच्याकडं एकदा तो पिशवीत जिवंत निघाला.

विंचवाचंही असंच. लाल विंचू चावून दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, धाप लागली, तर मंत्र नको. यावरचं प्राझोसिनचं औषध जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडला राहून त्यांनी ते काम केलं. साधी गोळी आहे, पण डॉक्टरच्या नजरेखाली द्यायची.

कोयत्याच्या जखमेला : स्वच्छ धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या घड्या, इस्त्री करून पिशवीत बंद. घडी जखमेवर दाबायची, दहा-पंधरा मिनिटं, मधे उघडून बघायचं नाही. सगळे उघडून बघतात. हळद, राख, मिश्री, तंबाखू काही भरायचं नाही. निघायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तुमच्या वहीत बघा.

गरोदर तिघींचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकमध्ये, लोहाच्या गोळ्या हंगामभर पुरतील इतक्या मोजून, आणि ज्या तालुक्यात जाणार तिथल्या आशाताईचा नंबर मुकादमाकडून काढून घ्या. तो म्हणंल, मला काय माहीत. उचल किती दिली ते त्याला रुपयानिशी पाठ असतं, हेही होईल म्हणावं.

कोपीच्या दारात झोपताना एक भरलेली घागर. पाचट पेटायला काडी पुरते.

वसमत तालुक्यात जमिनीतून आवाज येतात. जुलै २०२४ चा धक्का चांगलाच जाणवला होता. भूकंपाची पिशवी कशी भरावी? घर माळवदाचं आहे. — एक शिक्षिका

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास आणि १० जुलैला सव्वासातला, दोन्ही धक्के ४.५ चे. किल्लारीचा ६.२ होता. आकड्यात फरक १.७ चा दिसतो, पण ऊर्जेत तो साडेतीनशे पटीचा आहे. एवढं सांगून घाबरणं थोडं कमी झालं असंल तर पुढं वाचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. मी सत्तावीस वर्षांची, औसा तालुक्यात उपकेंद्रावर. तुमच्यासारख्याच घरात, दोन-अडीच हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर लाकडं अन् हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. त्याच मातीनं माणसं नेली.

मी ज्या खोलीत झोपले होते तिची एक भिंत उभी राहिली, म्हणून मी आहे. माझी सरकारी पेटी होती, बाळंतपणाची, टाक्यांची, सगळी नियमाप्रमाणे भरलेली. ती कपाटात कुलपात, किल्ली देवळीत, आणि देवळी पडलेल्या भिंतीत. चार दिवस मी दुसऱ्यांच्या सामानावर काम केलं. आणि पहिले सहा तास अनवाणी. हे कुणी सांगत नाही. दगड, फुटलेल्या बांगड्या, पत्रे, खिळे. मी दुसऱ्यांच्या जखमा धूत होते अन् माझ्याच पायाचं रक्त तिथं सांडत होतं. नंतरच्या दिवसांत पाऊस लागून राहिला. माणसं औषध मागत नव्हती. चप्पल मागत होती, कोरडी चादर मागत होती, आणि एक आजी टॉर्च मागत होती, नातवाचा आवाज येतो म्हणून. माझ्याकडं टॉर्च होता, पण त्यातले सेल कधीच पाझरून हिरवे झाले होते.

तर तुमची पिशवी : बाजेच्या पायाला बांधलेली. तिच्यात सर्वांच्या जुन्या चपला, टॉर्च (सेल बाहेर काढून, वेगळ्या कागदात), शिट्टी, प्लास्टिकची मोठी ताडपत्री, पाण्याच्या दोन बाटल्या, जाड हातमोजे. दगड उपसायला हातमोजे लागतात. पेटीबिटी नको, कुलूप तर मुळीच नको.

उशाशी उतरंड, फळीवर पाटा-वरवंटा, कपाटावर ट्रंका असं काही असंल तर आजच खाली घ्या. माळवदात असताना जमीन हलली अन् कवाड दोन पावलांवर असंल तर बाहेर. शाळेच्या सिमेंटच्या इमारतीत असाल तर पळापळी नको, पोरांना बाकाखाली घाला, डोकं झाकायला सांगा, बाकाचा पाय धरायला सांगा. आणि बाई, मास्तरीण आहात म्हणून एक काम देते : घरातल्यांनी बाहेर पडून कुठं जमायचं ते झाड ठरवून ठेवा. आम्ही त्या पहाटे एकमेकांना दोन तास शोधत होतो, सगळे जिवंत असून.

वीज पडताना पिशवीत काय असावं? — एक वाचक, तालुका पालम

काहीच नाही. पिशवी टाकून पक्क्या घरात पळा. चमकल्यापासून तीसच्या आत मोजताना गडगडलं तर वीज जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली नको, बैलगाडीखाली नको. फोनवर दामिनी ॲप घ्या. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्यानं शॉक बसत नाही, श्वास थांबला असंल तर लगेच छाती दाबायला लागा.

सिस्टर, तुमच्या स्वतःच्या पिशवीत काय आहे? खरं सांगा. — एक खवचट वाचक, अंबाजोगाई

मी ती वर्षातून दोनदा उघडते. अक्षयतृतीयेला नवा माठ आणते तेव्हा, आणि घटस्थापनेआधी घर धुऊन काढताना. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताही ओतली अंगणात.

चपलांचे दोन जोड. टॉर्च, सेल वेगळे. क्रेप बँडेज, लुगड्याच्या घड्या सहा. ओआरएसच्या पुड्या, दोन मुदत गेलेल्या (टाकल्या, तोवर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ). माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. विळा. ताडपत्री. सातशे चाळीस रुपये, मला आठवतं त्याप्रमाणे हजार होते. शेंगदाण्याचे लाडू, कडक झालेत, पण खाल्ले. नंबरांचा कागद, त्यात माझ्या धाकट्या भावाचा जुना नंबर.

शिट्टी नाही. नातीच्या शाळेत खेळाची स्पर्धा आहे. रुपये कुठं गेले तेही तिलाच विचारते.